मिळकत दोघांची, गरज एकाची

ब्रिटिश नागरिकाशी किंवा ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क (‘आयएलआर’) मिळवलेल्या माणसाशी लग्न करून जो जोडीदार परदेशातून तिथे येतो, त्याच्या व्हिसावर एक अट बहुधा ठरलेली असते: सार्वजनिक निधीचा आधार घेता येणार नाही. वकिलांच्या आणि कचेऱ्यांच्या बोलण्यात हिला ‘एनआरपीएफ’ म्हणतात. अटीमागे 1999 च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टचे कलम 115 आहे. इमिग्रेशनच्या नियंत्रणाखाली असलेल्या व्यक्तीला कोणते भत्ते मिळणार नाहीत, हे ते कलम ठरवते. युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, अपंगत्वासाठीचे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट हे त्यातले ठळक. कलम त्या व्यक्तीपुरते बोलते. तिच्या नवऱ्याचे, बायकोचे किंवा सासरचे हक्क ते काढून घेत नाही.

तरीही या अटीभोवती एक मत घट्ट रुतून बसले आहे. असा व्हिसा ज्या घरात आला, त्या घराने सरकारी भत्त्याला शिवायचे नाही, असे ते मत. नवरा जन्माने ब्रिटिश असो, वीस वर्षे त्याच्या पगारातून कर कापला जात असो. नोकरी गेली की त्याने बचत मोडावी, भावापुढे हात पसरावा, मिळेल त्या गोदामात रात्रपाळी करावी, पण जॉबसेंटरची, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीची, पायरी चढू नये. चढला तर तो लबाड. न चढता घरभाडे थकवून बसला तर स्वाभिमानी!

हे मत दोन तोंडांनी बोलते. एक तोंड शेजाऱ्याचे आणि खपाऊ वर्तमानपत्रांचे: बायको परदेशातून आणायची आणि तिला पोसायचे आमच्या करातून. दुसरे तोंड घरच्यांचेच. स्लाऊ, हॅरो, हाउन्स्लो भागातल्या भारतीय कुटुंबांत, मराठी घरेही आलीच, एखाद्याची नोकरी गेल्याचे कळले की चार वर्षे आधी आलेला कोणीतरी अनुभवी माणूस बाजूला घेऊन सांगतो, “आयएलआर हातात पडेपर्यंत बेनिफिटचं नावसुद्धा काढू नकोस. हिचा व्हिसा जाईल.” पहिल्या बोलण्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात धास्ती. निष्कर्ष दोघांचा एकच, आणि तो काढण्यापूर्वी नियम वाचण्याची तसदी दोघांनीही घेतलेली नाही.

सुरुवात मूळ गैरसमजापासून करावी लागते. सरकारी तिजोरीतून निघालेला प्रत्येक पैसा म्हणजे सार्वजनिक निधी, असे धरून चालले जाते. इमिग्रेशनच्या नियमांत सार्वजनिक निधीची नावानिशी यादी आहे आणि यादीत जे नाही ते सार्वजनिक निधी नाही. सरकारी शाळेतले शिक्षण त्यात नाही, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार नाहीत, बाळंतपणाच्या रजेचा कायदेशीर पगार नाही. आणि या वादात सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’ हा बेकारी भत्ताही त्यात नाही.

का नाही, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. 1911 च्या नॅशनल इन्शुरन्स ॲक्टने जहाजबांधणी, बांधकाम, यंत्रनिर्मिती अशा काही धंद्यांतल्या कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू केला. कामगार, मालक आणि सरकार तिघांनी त्यात पैसे घालायचे, अशी ती योजना होती. पुढे बेव्हरिजच्या 1942 च्या अहवालातून आलेली, सर्वांसाठीची विमा योजना 5 जुलै 1948 पासून लागू झाली. आजचा न्यू स्टाइल भत्ता त्याच वंशातला आहे. मागच्या दोन पूर्ण करवर्षांत नोकरीतून पुरेसे नॅशनल इन्शुरन्स भरलेले असेल, तर तो जास्तीत जास्त 182 दिवस मिळतो. 2025-26 मध्ये 25 वर्षांवरील व्यक्तीला त्याचे आठवड्याला 92.05 पौंड मिळत होते. जोडीदाराचा पगार किती, घरात शिल्लक किती, असले प्रश्न त्यात येतच नाहीत, कारण हा विमा आहे. इतकेच काय, काम करण्याची परवानगी असलेल्या आणि पुरेसे नॅशनल इन्शुरन्स भरलेल्या एनआरपीएफ जोडीदाराची स्वतःची नोकरी गेली, तर त्यालाही हा भत्ता मागता येतो. पगारातून हप्ता कापून घेताना कोणी व्हिसा पाहिला नव्हता. मग विम्याचे पैसे देण्याची वेळ आली की व्हिसा आठवावा, हा कुठला न्याय?

यावर विरोधकांचे उत्तर तयार असते. ‘विम्याचे सोडा, युनिव्हर्सल क्रेडिट तर उत्पन्न पाहून दिले जाते, आणि ते जोडप्याने मिळून मागायचे असते. म्हणजे अर्जात परदेशी बायको आलीच.’ आक्षेप वजनदार वाटतो, पण 2013 च्या युनिव्हर्सल क्रेडिट नियमावलीने तो आरंभीच निकालात काढला आहे. जोडप्यातल्या एकाला कलम 115 लागू असेल, तर दुसऱ्याने एकट्याच्या नावे मागणी करावी, अशी तरतूद तिसऱ्याच नियमात आहे. ही पळवाट नव्हे. अशी घरे असणार, त्यातल्या हक्कदार माणसाची नोकरी कधीतरी जाणार आणि तेव्हा त्याला आधार लागणार, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते. जे कायद्याने गृहीत धरले, त्याला कायदेभंग म्हणण्याचा उद्योग मात्र अजून चालू आहे.

एकट्याच्या नावे मागणी करणे आणि एकटे असल्याचे भासवणे, या दोन गोष्टींची गल्लत करण्यात मात्र दोन्ही पक्ष पटाईत आहेत. ऑनलाइन अर्जात जोडीदारासोबत राहता का, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर ‘हो’ असेच द्यायचे असते. जोडीदाराचे नाव, त्याचे उत्पन्न, त्याचा व्हिसा सगळे सांगायचे असते. त्यानंतर तो अपात्र ठरतो आणि रक्कम एकट्याच्या दराने ठरते. घाबरून ‘नाही’ लिहिणारा माणूस मात्र खरोखरच फसवणूक करतो. म्हणजे ‘गप्प राहा’ हा हितचिंतकांचा सल्ला माणसाला ज्या संकटापासून वाचवायला निघतो, नेमक्या त्याच संकटात त्याला ढकलतो. यापेक्षा घातक हितचिंतन कोणते?

आता ‘व्हिसा जाईल’ या धास्तीकडे वळू. इमिग्रेशन नियमांच्या परिच्छेद 6अ चा आशय सरळ आहे: प्रायोजक जोडीदाराला मिळणाऱ्या सार्वजनिक निधीवर एखादी व्यक्ती अवलंबून आहे, एवढ्यावरून तिने सार्वजनिक निधी घेतला असे मानले जाणार नाही. अपवाद एकच. त्या व्यक्तीच्या ब्रिटनमध्ये असण्यामुळे प्रायोजकाला जास्तीची रक्कम मिळत असेल, तर ते अटीच्या आड येते. युनिव्हर्सल क्रेडिटचा मूळ भत्ता एकट्याच्याच दराने दिला जात असल्याने त्यात वाढ होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. खरी सावधगिरी हवी ती कौन्सिल टॅक्समधल्या सवलतीसारख्या स्थानिक योजनांत, कारण त्यांचे हिशोब प्रत्येक कौन्सिलचे वेगळे असतात. तिथे अर्ज करण्यापूर्वी जाणकार सल्लागाराला विचारावे. तेवढी एक जागा सोडली तर भीतीला आधार उरत नाही. एका कोपऱ्यात घसरगुंडी आहे म्हणून अख्ख्या रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही, हा शहाणपणा कसला?

व्हिसाला धोका आहे, पण तो भत्त्यातून येत नाही. नोकरी जाण्यातून येतो. पती-पत्नी व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट जुलै 2012 मध्ये आली, तेव्हा ती वर्षाला 18,600 पौंड होती. 11 एप्रिल 2024 पासून नव्याने येणाऱ्यांसाठी ती 29,000 पौंड झाली. व्हिसा वाढवताना हे उत्पन्न पुन्हा दाखवावे लागते आणि युनिव्हर्सल क्रेडिटची रक्कम त्यात धरली जात नाही. नोकरी गेली तर अट पुरी करणे अवघड होते, ही वस्तुस्थिती आहे. पण भत्ता न घेतल्याने ते उत्पन्न वाढते का? भाडे थकवून, उधारी करून, निराशेने घरी बसून नोकरी लवकर लागते का? भत्त्याने घर तगते, प्रवासाला आणि मुलाखतीला जायला पैसे राहतात, आणि नव्या नोकरीची वाट पाहता येते. आजार एक आणि खापर औषधावर फोडायचे, तशातला हा प्रकार आहे.

आता पहिल्या तोंडाकडे, म्हणजे ‘आमच्या करातून’ म्हणणाऱ्यांकडे वळले पाहिजे. त्यांच्या मनातले चित्र असे की परदेशी जोडीदार घरात आला आणि भत्ता दुप्पट झाला. महिन्याचे युनिव्हर्सल क्रेडिटचे विवरण उघडून पाहिले की हे चित्र टिकत नाही. त्यात वरच्या भागात काय देय आहे ते असते आणि खालच्या भागात काय वजा केले ते. 2025-26 मध्ये 25 वर्षांवरील जोडप्याचा मूळ भत्ता महिना 628.10 पौंड होता आणि एकट्याचा 400.14 पौंड. अशा मिश्र घराच्या विवरणात वरच्या भागात 400.14 पौंड छापून येत. म्हणजे घरात जेवणारी तोंडे दोन, पण भत्ता एकाच तोंडाचा. दरमहा 227.96 पौंड इथेच कमी झाले.

खरी गंमत खालच्या भागात आहे. तिथे वजाबाकी करताना दोघांचीही मिळकत धरली जाते. समजा, नवरा बेकार आहे आणि एनआरपीएफ व्हिसावरची बायको अर्धवेळ काम करून महिना 600 पौंड घरी आणते. मुले नाहीत, आजारपण नाही. मग तिच्या कमाईच्या 55 टक्के, म्हणजे 330 पौंड, नवऱ्याच्या भत्त्यातून वजा होतात. मूळ भत्त्यापैकी उरतात 70.14 पौंड. दोघेही हक्कदार असते तर याच कमाईवर 298.10 पौंड उरले असते. बचतीलाही हाच न्याय: 16,000 पौंडांची मर्यादा मोजताना तिची पुंजीही मोजली जाते. कमावताना ती बायको असते, खाताना ती अदृश्य असते! दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचा मान इथे सरकारकडे जातो. आणि तरीही लबाडीचा आरोप कोणावर, तर 70 पौंड उचलणाऱ्यावर.

घरभाड्याचा नियम तर याहून विनोदी आहे. खासगी घरात भाड्याने राहणाऱ्या, मूल नसलेल्या, 35 वर्षांखालच्या एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये साधारणपणे सामायिक घरातल्या एका खोलीच्या दरानेच भाड्याची मदत मिळते. जोडप्यात राहून एकट्याच्या नावे मागणी करणाऱ्यालाही हाच दर लागू होतो. लग्न झालेले, दोघे एकत्र राहणारे, दोघांचे उत्पन्न मोजले जाणारे हे जोडपे भाड्याच्या तक्त्यात मात्र परक्यांसोबत स्वयंपाकघर वाटून घेणारा ब्रह्मचारी ठरते.

असे असलेच पाहिजे, याला पर्यायच नव्हता, असेही कोणी म्हणू नये. युनिव्हर्सल क्रेडिटने ज्या टॅक्स क्रेडिटची जागा घेतली, त्यात 2003 च्या नियमांनुसार मिश्र जोडप्याने मिळून मागणी करायची आणि दोघांपैकी कोणालाच इमिग्रेशनची अडचण नाही असे धरून हिशोब करायचा, अशी पद्धत होती. हा व्हिसाच्या अटीचा भंग मानला जात नव्हता. ती पद्धत बरीच वर्षे चालली. त्यामुळे ब्रिटनची तिजोरी बुडाली नाही आणि आकाशही कोसळले नाही. एप्रिल 2025 मध्ये टॅक्स क्रेडिट पूर्णपणे बंद झाले. आजचा कडकपणा निसर्गनियम नाही. तो कोणीतरी निवडलेला आहे.

‘फुकटे’ म्हणवल्या जाणाऱ्यांनी आधी काय भरलेले असते, तेही पाहावे. एप्रिल 2025 च्या दरांप्रमाणे देशाबाहेरून पती-पत्नी व्हिसा मागण्याची फी 1,938 पौंड. एनएचएससाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे पहिल्या 33 महिन्यांच्या व्हिसाला 3,105. पुढच्या 30 महिन्यांच्या मुदतवाढीला 1,321 आणि पुन्हा अधिभाराचे 2,587.50. शेवटी आयएलआरला 3,029. पाच वर्षांत एका जोडीदारापोटी जवळपास 12 हजार पौंड सरकारजमा होतात. शिवाय नोकरी करणारा जोडीदार आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स भरतो, म्हणजे आरोग्यसेवेसाठी एकदा करातून आणि एकदा अधिभारातून पैसे देतो. इतके मोजून घेतल्यावर त्याच्या ब्रिटिश नवऱ्याने सहा महिने आठवड्याला 92 पौंड मागितले, तर कोणाचे काय लुटले गेले?

शेवटचा युक्तिवाद नैतिकतेचा असतो: परदेशी माणसाशी लग्न केले तेव्हा सांभाळण्याची जबाबदारी घेतली होती, ती पाळा. इंग्लंडमधल्या स्विंडनचे उदाहरण घ्यावे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या वाटेने आलेले गोवेकर या गावात मोठ्या संख्येने स्थायिक झाले. तिथला होंडाचा मोटार कारखाना जुलै 2021 मध्ये बंद झाला, तेव्हा आख्ख्या गावाने पाहिले की नोकरी जाण्याचा आणि कामगाराच्या चारित्र्याचा काही संबंध नसतो. समजा, सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, असलेली आणि गोदामात काम करणारी एक गोव्याची मुलगी 2023 मध्ये मडगावच्या मुलाशी लग्न करते. उत्पन्नाची अट ती पुरी करते, फी भरते, तो पती-पत्नी व्हिसावर येतो. दोन वर्षांनी गोदाम दुसऱ्या शहरात हलते. तिने जबाबदारी टाळली की मालकाने जागा बदलली? तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी, स्विंडनच्याच मुलाशी लग्न केलेली मैत्रीण त्याच दिवशी कामावरून कमी होते आणि जॉबसेंटरला जाते. तिला कोणी लग्नाबद्दल विचारत नाही. दोघींनी सारखेच हप्ते भरले, दोघींची नोकरी एकाच कारणाने गेली. मग एकीच्या वाट्याला प्रवचन का?

या घरांत मुलेही असतात, याचा तर प्रवचनकारांना विसरच पडतो. आईवडिलांपैकी एक ब्रिटिश किंवा कायम रहिवासी असेल, तर ब्रिटनमध्ये जन्मलेले मूल 1981 च्या नागरिकत्व कायद्यानुसार जन्मतःच ब्रिटिश ठरते. त्याच्यासाठी चाइल्ड बेनिफिट मागण्याचा हक्क त्या पात्र पालकाला आहे. अर्ज त्याच्याच नावे करायचा, एवढेच पथ्य. धास्तीपोटी हा अर्ज न करणारे घर कोणाचा हक्क बुडवते? एका ब्रिटिश नागरिकाचा, ज्याला अजून बोलताही येत नाही. स्त्रियांचे नुकसान आणखी खोल आहे. स्वतःच्या नावे काही मागता येत नाही म्हणून पत्नी पूर्णपणे नवऱ्याच्या हातातल्या पैशावर अवलंबून राहते. तो मारहाण करणारा निघाला, तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. 1979 मध्ये सुरू झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने हाच प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. पती-पत्नी व्हिसावरच्या पीडितांना तीन महिन्यांपुरता सार्वजनिक निधी खुला करणारी सवलत 2012 मध्ये आली, ती अशा रेट्यातूनच.

सर्वसामान्य माणसाला हे ठाऊक नसावे, यात नवल नाही. 27 मे 2020 रोजी ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर ईस्ट हॅमचे खासदार स्टीफन टिम्स यांनी आपल्या मतदारसंघातल्या एका जोडप्याची हकिगत मांडली. नवऱ्याचे काम थांबले होते, बायकोची कमाई भाड्याला पुरत नव्हती आणि एनआरपीएफमुळे मदत बंद होती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी आश्चर्याने विचारले की या लोकांना युनिव्हर्सल क्रेडिट का मिळत नाही! ज्यांच्या सरकारची ती अट होती, त्यांनाच ती नीटशी माहीत नव्हती. त्याच महिन्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने एका आठ वर्षांच्या ब्रिटिश मुलाच्या वतीने चाललेल्या खटल्यात निकाल दिला होता: निराधार होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांनाही ही अट लावू देणारी व्यवस्था, कोणालाही अमानुष वागणुकीच्या खाईत न लोटण्याच्या कर्तव्यात उणी पडते. अगदीच हलाखी ओढवली, तर अट काढून टाकण्यासाठी होम ऑफिसकडे अर्ज करण्याची वाट तेव्हाही होती आणि आजही आहे. पंतप्रधान गोंधळतात, न्यायालय कान उपटते. आणि चौकातला स्वयंघोषित पहारेकरी मात्र ठाम असतो की जॉबसेंटरच्या दारात उभा असलेला तो माणूस चोर आहे.

तेव्हा कायद्याची स्थिती संदिग्ध नाही. व्हिसाची अट ज्याच्या नावावर आहे त्यालाच बांधते. ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराचा विम्याचा भत्ता त्याच्या हप्त्यांवर उभा आहे आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा हक्क त्याच्या स्वतःच्या दर्जावर. मागणी उघड करावी, जोडीदाराची माहिती खरी द्यावी, मुलांचे अर्ज पात्र पालकाच्या नावे करावेत, आणि परिच्छेद 6अ ची मर्यादा ध्यानात ठेवावी. एवढे केल्यावर त्या माणसाने कोणाचीही क्षमा मागण्याचे कारण नाही. लाज वाटायचीच असेल, तर ती दोघांची कमाई मोजून एकाचीच भूक मान्य करणाऱ्या हिशोबाला वाटावी, आणि तो हिशोब डोळ्यांसमोर असूनही उपाशी राहणाऱ्यालाच हिशोब विचारणाऱ्यांना वाटावी.